वडिलांचं क्रिएटिनिन नॉर्मल आहे पण लघवीत अल्ब्युमिन आलंय, किती घाबरायचं?

कोयनाकाठ | १४ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, डोकं पार गोंधळलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे आण्णा (वडील) ६१ वर्षांचे, कराडजवळ गावी असतात, शेती अजून स्वतः बघतात. शुगर निघून ९ वर्षं झाली, दोन गोळ्या चालू आहेत, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) मागच्या वेळी ७.९ होतं. यंदाही आषाढीला आळंदी ते पंढरपूर पायी गेले, पाचवी वारी त्यांची. परत आले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पुण्याहून गावी गेलो आणि म्हटलं घरात आहेत तोवर सगळ्या तपासण्या उरकून घेऊ, नायतर परत पेरणी-भांगलण सुरू झाली की हे काय हाताला लागत नाहीत.

रिपोर्ट असा आला. क्रिएटिनिन (किडनीसाठी करतात ती रक्ततपासणी) १.०, त्यापुढे नॉर्मल लिहिलंय. यूरीन रुटीनमध्ये प्रोटीन निल. इथवर सगळं ठीक. पण डॉक्टरांनी एक जादाची तपासणी लिहून दिली होती, यूरीन एसीआर, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन बघायची, ती १६८ आलीय आणि समोर लिहिलंय की ३० च्या आत पाहिजे. आता मला कळेना की एकाच माणसाच्या एकाच दिवशीच्या लघवीत एका कागदावर प्रोटीन निल आणि दुसऱ्या कागदावर पाचपट जास्त, हे कसं काय? लॅबची चूक म्हणायची का?

गावातले आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले क्रिएटिनिन चांगलं आहे, काळजी करू नका. शेजारच्या काकांनी मात्र रिपोर्ट बघून थेट डायलिसिसचंच नाव काढलं, त्यांच्या साडूंचं तसं झालं होतं म्हणे. आई तेव्हापासून जेवली नाही नीट. आण्णा तर म्हणतात मला काही त्रासच नाही तर तुम्ही कागद कशाला बघत बसलाय.

कुणाला अनुभव असेल किंवा माहिती असेल तर सांगा. किती घाबरायचं आणि पुढं काय करायचं?

---

सूक्ष्मदर्शी | १४ जुलै, रात्री ११.२५

दादा, मी कोल्हापुरात लॅबमध्ये १९ वर्षं काम करते, टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं काही सांगणार नाही पण रिपोर्टचं कोडं सोडवू शकते. लॅबची चूक असेलच असं अजिबात नाही, दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी खरे असू शकतात.

यूरीन रुटीनला आम्ही पट्टी वापरतो. पट्टीवर छोटे छोटे चौकोन असतात, त्यातला प्रोटीनचा चौकोन पिवळा असतो आणि प्रोटीन असेल तर हिरवट होत जातो, जेवढं जास्त तेवढा गडद. पण तो रंग डोळ्याला दिसेपर्यंत बदलायला लघवीत बऱ्यापैकी प्रोटीन असावं लागतं, साधारण लिटरला दीडशे-दोनशे मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पट्टी बऱ्याचदा निलच दाखवते. त्यात माणूस भरपूर पाणी पिऊन आला असेल तर लघवी पातळ, मग पट्टीला आणखीनच काही दिसत नाही. आणि किडनीला सुरुवातीला जो मार बसतो ना, त्यात येणारं प्रोटीन नेमकं एवढंच थोडं असतं.

एसीआर म्हणजे लघवीतलंच अल्ब्युमिन आणि लघवीतलंच क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर. त्यात अल्ब्युमिन पट्टीवर नाही बघत, त्याला चिकटणारी अँटीबॉडी घालतो, मिश्रण किंचित गढूळ होतं आणि तो गढूळपणा मशीन मोजतं, त्यामुळे अगदी थोडं अल्ब्युमिनसुद्धा सापडतं. आणि क्रिएटिनिन कशाला, तर लघवी पातळ आहे का घट्ट ते समजावं म्हणून. पातळ असेल तर दोन्ही पातळ होणार, भागाकार तोच राहणार. पूर्वी याच्यासाठी २४ तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करून आणायला सांगायचे, पाच लिटरचा तो कॅन घेऊन म्हाताऱ्या बायका एसटीतून यायच्या, वरून वर्तमानपत्र गुंडाळलेलं, कुणाला दिसू नये म्हणून. मला फार वाईट वाटायचं. त्यातून एक वेळ गोळा करायची राहिली की सगळं गणित चुकायचं. आता एका डबीत काम होतं.

आता तुमच्या आकड्याबद्दल. १६८ हा आकडा मिलिग्रॅम पर ग्रॅम असेल, रिपोर्टवर युनिट बघा. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे वाढलेलं, आमच्याकडे अजून मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात त्याला, आणि ३०० च्या वर म्हणजे खूप वाढलेलं. लोकांना वाटतं मायक्रोअल्ब्युमिन म्हणजे अल्ब्युमिनची कुठली तरी बारीक जात, तसं नाही, अल्ब्युमिन तेच, फक्त प्रमाण थोडं.

पण मला एक विचारायचंय. सॅम्पल कधी दिलं? वारीहून आल्यावर तिसऱ्या दिवशी ना? ताप, पायाला जखम, लघवीला जळजळ असलं काही होतं का तेव्हा? आणि सकाळची पहिली लघवी दिली का दुपारची?

---

कोयनाकाठ | १५ जुलै, सकाळी ७.०५

ताई खूप आभार, आत्ता आईला फोन करून विचारलं. हो, पायाला टाचेजवळ फोड फुटून पू झाला होता, रात्री अंगात कणकण पण होती. सॅम्पल दुपारी दोनच्या सुमारास दिलं, जेवून. आणि आई म्हणाली वारीत पाय दुखायचे म्हणून वाटेत मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घेऊन रोज खात होते, पाकीट बघितलं तर डायक्लोफिनॅक आहे, शेवटचे आठ-दहा दिवस रोज दोन.

---

सूक्ष्मदर्शी | १५ जुलै, सकाळी ९.४०

मग हा आकडा आत्ताच मनावर घेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. ताप, लघवीतलं इन्फेक्शन, आदल्या दिवशीची जोरदार मेहनत, बायकांना पाळी, शुगर किंवा बीपी एकदम चढलेलं, यातल्या कशानंही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. तुमच्या आण्णांच्या बाबतीत यातली दोन-तीन कारणं एकदमच आली.

जखम पूर्ण बरी होऊ द्या, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग सकाळी उठल्या उठल्याची पहिली लघवी द्या. सुरुवातीची थोडी सोडून द्यायची, मधली धरायची. डबी लॅबमधूनच आणा, घरातली औषधाची बाटली धुऊन आणू नका, लोक आणतात आणि त्यात साबण किंवा औषध राहिलेलं असतं. लॅबला पोचायला उशीर होणार असेल तर डबी घट्ट बंद करून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही.

आणि एका रिपोर्टवर कुणीच ठरवत नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनदा बघायचं, त्यात दोनदा वाढलेलं आलं तर ते खरं धरायचं.

---

रानवाटा | १५ जुलै, सकाळी ११.१०

सातूचं पाणी द्या रोज सकाळी, आणि गोखरूचा काढा. आमच्याकडे एक वैद्य पुडी देतात, तीन महिन्यांत किडनी साफ होते. माझ्या मेव्हण्याला फरक पडलाय.

---

अबोली | १५ जुलै, दुपारी १.३०

कोयनाकाठ, तुमची पोस्ट वाचून मला लिहिल्याशिवाय राहवेना.

माझ्या आईला शुगर होती १४ वर्षं. आम्ही निष्काळजी नव्हतो हो, दरवर्षी वाढदिवसाच्या महिन्यात फुल बॉडी चेकअप करायचो, पॅकेजमध्ये साठ-सत्तर तपासण्या असायच्या, जाडजूड फाइल यायची. त्यात क्रिएटिनिन असायचं, लघवीची पट्टी असायची. एसीआर एकदाही नव्हतं आणि आम्हाला ते नावसुद्धा माहीत नव्हतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, आता लिहून काय होणार. दरवर्षी क्रिएटिनिन १.० मग १.१ मग १.१, पुढे नॉर्मल, आम्ही पेढे वाटल्यासारखे खूश. मग एका दिवाळीत आईची पैंजणं पायात बसेनात, पाय सुजले होते, आम्हाला वाटलं दगदग झाली. लघवीला फेस येतो असं ती माझ्या वहिनीला म्हणाली होती म्हणे सहा महिने आधी, पण बाईमाणसानं हे काय कुणाला सांगायचं म्हणून गप्प राहिली. तेव्हा तपासलं तर एसीआर २१०० च्या वर आणि क्रिएटिनिन २.४.

आज तिचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून पैशाचं निभावलं, पण तिचे मंगळवार, गुरुवार, शनिवार गेले ते गेलेच, आणि मधल्या दिवशी ती नुसती पडून असते. पाणी मोजून पिते. उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा तोंडात ठेवते आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसते, ते बघवत नाही.

तुमच्या वडिलांना कुणीतरी ती एक जादाची तपासणी लिहून दिली, त्या डॉक्टरांचे मनापासून आभार माना. आम्हाला ती खिडकी मिळालीच नाही. तुम्हाला मिळालीय, ती बंद होऊ देऊ नका. आणि आण्णांना म्हणावं त्रास नाही म्हणूनच तपासायचं, कारण त्रास व्हायला लागतो तोवर फार उशीर झालेला असतो.

---

डॉ_माणदेशी | १५ जुलै, रात्री १०.१५

मी फिजिशियन आहे. पेशंट बघितल्याशिवाय औषध सांगत नाही, पण काही गोष्टी इथे स्पष्ट लिहायलाच हव्यात.

अबोलीताई, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता तसं घरोघरी घडतं आणि त्यात तुमचा दोष नाही. क्रिएटिनिनवर लोकांचा विश्वास जरा जास्तच बसलाय. दोन्ही किडन्या मिळून साधारण वीस लाख गाळण्या असतात, दिवसाला १८० लिटर पाणी त्यातून गाळलं जातं आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं. काही गाळण्या निकामी झाल्या की उरलेल्या त्यांचं काम अंगावर घेतात, त्यामुळे जवळपास निम्मी ताकद जाईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतं. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ६८ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ असेल तर तिचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा हिशोब, साधारण ५५ निघतो, आणि २५ वर्षांच्या पोराचं तेच १.१ असेल तर ९५ च्या आसपास. एकाच आकड्यापुढे दोघांनाही नॉर्मल छापून येतं. म्हणून लॅबकडून ईजीएफआर मागून घ्या, वय, बाई की पुरुष आणि क्रिएटिनिन यांवरून तो काढता येतो, वेगळं रक्त लागत नाही. कोयनाकाठ, तुमच्या आण्णांचा अंदाजे ८५ येतो, म्हणजे गाळण्याची ताकद चांगली आहे. शेजारच्या काकांना सांगा, डायलिसिसचा विषय १५ च्या खाली गेल्यावर येतो, तोही लगेच नाही.

मग लघवीतलं अल्ब्युमिन काय सांगतं? गाळणीची जाळी धड असेल तर अल्ब्युमिन रक्तातच राहतं. शुगरनं आणि बीपीनं जाळी सैल व्हायला लागली की ते झिरपायला लागतं, आणि हे ईजीएफआर घसरायच्या कितीतरी आधी दिसू शकतं. पाण्याची टाकी भरलेलीच आहे पण तळाला ओल आलीय, असं समजा. दुसरं म्हणजे ती गळती फक्त किडनीचा निरोप नसते, अशा माणसांत हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोकाही जास्त असतो, कारण रक्तवाहिन्या सगळीकडच्या त्याच. डोळ्याचा पडदा पण तपासून घ्या, शुगरमध्ये डोळा आणि किडनी बऱ्याचदा जोडीनं जातात.

टाइप २ शुगर निघाली की त्याच दिवशी एसीआर करायचं आणि मग दरवर्षी. लहानपणी किंवा तरुणपणी होणाऱ्या टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर सुरू करायचं. ज्यांना नुसतं बीपी आहे त्यांनीही करून घ्यावं, ते तर आपल्याकडे जवळपास कुणीच करत नाही.

हे वेळेत कळण्याचा उपयोग काय, तर उपाय आहेत आणि ते भक्कम आहेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या गाळणीतला दाब कमी करतात. २००१ मध्ये लोसार्टनची रेनाल नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, दीड हजार शुगरच्या पेशंटवर, तिच्यात किडनी पूर्ण निकामी व्हायचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. मग २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनची चाचणी आली, ४,३०० च्या वर पेशंट, त्यात शुगर नसलेलेही होते, आणि किडनी बिघडण्याचा एकूण धोका ३९ टक्क्यांनी घटला. त्याच वर्षी आपल्याकडे तिचं पेटंट संपलं आणि गोळी एकदम स्वस्त झाली. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा यातलं फक्त पहिलं औषध हाताशी होतं, आज पेशंट लवकर आला तर मी त्याच्यासाठी खरोखर काहीतरी करू शकतो, आणि म्हणून तो उशिरा आला की जीव तुटतो.

डायक्लोफिनॅक आजपासून बंद. ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, सगळी त्याच घरातली. उन्हातान्हात चालणं, पाणी कमी, घाम जास्त आणि वर रोज दोन गोळ्या, हे किडनीला फार जड जातं. पाय दुखले तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

रानवाटा, सातूचं पाणी प्यायला माझी हरकत नाही, पण ती पुडी देऊ नका, कुणालाच देऊ नका. त्यात काय आहे हे लिहिलेलं नसतं, आणि जडधातू असलेल्या पुड्यांनी किडनी गेलेले पेशंट मी स्वतः बघितलेत. तुमच्या मेव्हण्यांचं क्रिएटिनिन आणि एसीआर एकदा करून घ्या, हे मी मनापासून सांगतोय.

---

थेम्सकाठी | १६ जुलै, दुपारी ३.५०

मी मूळचा वाईचा, सध्या लंडनला. एक युनिटची गोष्ट सांगतो कारण त्यावरून आमच्या घरी चांगलाच घोळ झाला होता. इथे एसीआर मिलिग्रॅम पर मिलिमोल मध्ये देतात आणि इथली मर्यादा ३ आहे, ३० नाही. माझ्या आईचा भारतातला रिपोर्ट ४८ होता, मी इथल्या कोष्टकात बघितलं आणि रात्रभर झोपलो नाही. खरं तर इथला आकडा साधारण ९ नं गुणला की भारतातला येतो, म्हणजे तिचे ४८ हे इथले साडेपाच. तुमच्या आण्णांचे १६८ म्हणजे इथले १९. परदेशातली पोरं आईबापांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवून गुगल करतात, त्यांनी आधी युनिट बघा.

इथे शुगरच्या प्रत्येक पेशंटला वर्षातून एकदा ठरलेल्या तपासण्यांना बोलावतात, त्यात लघवीचं अल्ब्युमिन असतंच, सर्जरीतून (इथे डॉक्टरांच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) डबी देतात. पेशंटला आठवण ठेवायला लागत नाही, त्यांचाच मेसेज येतो. आपल्याकडेही असं व्हावं असं फार वाटतं.

अजून एक सांगू का, मी राहतो तिथून गाय्ज हॉस्पिटल चालत अंतरावर आहे. रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर तिथे होते, अंग सुजलेल्या पेशंटची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी साखळली की समजायचं किडनी बिघडलीय. १८२७ मध्ये त्यांनी हे छापलं. आणि त्याच हॉस्पिटलात १९६३ मध्ये हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं लघवीतलं अगदी थोडं अल्ब्युमिन मोजायची पद्धत बसवली, पुढे १९८२ मध्ये तिथल्याच लोकांनी दाखवलं की हे थोडं अल्ब्युमिन ज्यांना असतं त्यांचीच किडनी पुढे जाऊन बिघडण्याची शक्यता फार जास्त. चमच्यापासून इथवर यायला दीडशे वर्षं लागली, आणि आता ती तपासणी कराडला काही शे रुपयांत होते, मला हे फार भारी वाटतं.

---

पूर्णामायचा | १७ जुलै, रात्री ९.२०

मी बुलढाणा जिल्ह्यातला, खारपाणपट्ट्यातला. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली ते सांगतो, कारण आमच्याकडं ती जिवावरची आहे.

अकोला, अमरावती, बुलढाणा, पूर्णा नदीच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे, पिढ्यान्पिढ्या लोक तेच प्यायले. आमच्या गावात किडनीनं माणसं गेली, आणि त्यात बरेच असे होते की ज्यांना ना शुगर ना बीपी, शेतात राबणारी चाळिशी-पन्नाशीतली माणसं. पाण्यानंच होतं का उन्हानं का फवारणीनं का सगळं मिळून, ते मी सांगणारा कोण. पण शिबिरात लघवीची पट्टी बघून तुम्ही ठणठणीत आहात सांगितलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि त्यातल्या एकाचं वर्षाभरात क्रिएटिनिन ६ निघालं. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम भाग आहे, तिथंही असाच किडनीचा आजार आहे आणि तिथल्या बऱ्याच पेशंटच्या लघवीत प्रोटीन फारसं सापडतच नाही असं वाचलंय.

डॉक्टरसाहेब, हे बरोबर आहे का? असेल तर लोकांना सांगा की नुसती लघवी पण पुरत नाही.

---

डॉ_माणदेशी | १७ जुलै, रात्री ११.००

अगदी बरोबर आहे आणि बरं झालं तुम्ही लिहिलंत. शुगरमध्ये आधी गाळणीची जाळी बिघडते म्हणून अल्ब्युमिन लवकर दिसतं. उष्णता, कमी पाणी, काही विषारी पदार्थ, दुखण्याच्या गोळ्या यांनी बऱ्याचदा गाळणीच्या पुढच्या नळ्या आणि त्यांच्या आजूबाजूचा भाग बिघडतो, तिथे लघवीत अल्ब्युमिन फार येत नाही. म्हणून दोन्ही पाय लागतात, एक लघवीचं एसीआर आणि दुसरं रक्तातलं क्रिएटिनिन काढून त्यावरून ईजीएफआर. कुठल्याही एकावर उभं राहू नका. तुमच्या भागात तर शिबिरात क्रिएटिनिनशिवाय किडनी तपासली असं म्हणूच नये. ऊसतोड, वीटभट्टी, भर उन्हात काम करणारे सगळे यातच आले.

---

कोयनाकाठ | २६ ऑक्टोबर, रात्री ९.४५

मंडळी, तीन महिन्यांनी येतोय, पण सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सूक्ष्मदर्शी ताईंनी सांगितलं तसंच केलं. जखम वाळली, तीन आठवडे थांबलो, ऑगस्टमध्ये सकाळची पहिली लघवी दिली, ७४ आलं. म्हणजे १६८ मधलं बरंचसं वारीचं, तापाचं होतं, पण सगळं नव्हतं. ह्या महिन्यात परत केलं, ६९. मधल्या काळात बीपी घरी मशीन आणून रोज लिहून ठेवलं, सकाळचं १४८, १५२, १४६ असंच असायचं, म्हणजे बीपी पण होतंच आणि आम्हाला पत्ता नव्हता. साताऱ्याच्या फिजिशियननी ऑगस्टमध्येच टेल्मिसार्टन चालू केली, दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन परत करायला लावलं. क्रिएटिनिन १.० चं १.१ झालं तेव्हा आई परत घाबरली, पण ते म्हणाले ह्या गोळीनं सुरुवातीला थोडं वाढतंच, तीस टक्क्यांच्या आत असेल तर चालतं, ती बंद करायची नाही. आता दहा दिवसांपूर्वी डापाग्लिफ्लोझिन पण जोडलीय.

डोळे तपासले, पडद्यावर अगदी सुरुवातीचे ठिपके आहेत, उपचार नको पण दरवर्षी बघायचं. मिठाचं आईनं मनावर घेतलंय, पानात वरून मीठ बंद, खरडा आठवड्यातून एकदा. आण्णांना त्याचंच सगळ्यात जास्त दुःख झालं. पुढच्या वारीला जायचंच म्हणतात, डॉक्टर म्हणाले जावा, फक्त दुखण्याची गोळी खिशात दिसता कामा नये आणि शुगर-बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं ते निघायच्या आधी येऊन विचारा.

एक शंका मात्र आहे म्हणून परत आलोय. परवा लघवीची रुटीन केली तर त्यात शुगर ४ प्लस आलीय. रक्तातली शुगर तर उलट कमी झालीय, उपाशीपोटी ११८. पूर्वी लघवीत कधी शुगर नव्हती. हे काय नवीन? आणि अबोलीताई, आई कशा आहेत?

---

सूक्ष्मदर्शी | २६ ऑक्टोबर, रात्री १०.३०

दादा, वाचून फार बरं वाटलं. ४ प्लसची काळजी करू नका, तो डापाग्लिफ्लोझिनचा गुण आहे, ती गोळी साखर लघवीवाटेच बाहेर टाकते, त्यामुळे ती चालू असेपर्यंत लघवीत शुगर येणारच. आमच्याकडे अशा रिपोर्टनं घाबरलेले पेशंट आठवड्याला दोन-तीन तरी येतात. यापुढे लॅबला जाल तेव्हा ही गोळी चालू आहे हे आधीच सांगत जा, म्हणजे रिपोर्टवर तशी नोंद करता येते. साखर तिथून जाते म्हणून त्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते, रोज साध्या पाण्यानं स्वच्छता ठेवायला सांगा, आणि आण्णा लाजून लपवतील म्हणून तुम्हीच मधून मधून विचारा. उलट्या-जुलाब झाले, जेवण बंद पडलं तर त्या दिवसांत गोळी घ्यायची की थांबवायची ते डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या.

---

अबोली | २७ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

आई बरी आहे, विचारलंत बरं वाटलं. फिस्टुलाचा (डायलिसिससाठी शीर जोडलेला) हात जरा दुखतो पण दिवाळीत दोन तास बसून करंज्या केल्या तिनं. तुमची जुलैची पोस्ट वाचली त्याच आठवड्यात मी माझं आणि दोन्ही भावांचं एसीआर करून घेतलं. माझं ९ आलं, धाकट्याचं ६. थोरल्याचं ५३ आलं, त्याला बीपी आहे पण शुगर नाही, वय ४४. त्याची दुसरी तपासणी झाली, तीही ४७ आलीय, आता उद्या त्याची डॉक्टरांकडे वेळ आहे. वरची सगळी चर्चा त्याला प्रिंट काढून दिलीय.